‘दिसत नाही’ आणि ‘उघडत नाही’: घरातल्या वेगवेगळ्या कॉम्प्युटरांमधलं फाइल शेअरिंग

आजचा भाग म्हैसूरच्या आमच्या घरातूनच. व्हिडिओत मी बरंचसं पडद्यावर करून दाखवलं होतं, ते इथे शब्दांत सांगतो. जिथे काही टाइप करायचं आहे तिथे ते बोलल्यासारखं लिहिलंय, तेवढं सांभाळून घ्या.

विषय असा: घरात एक विंडोज, एक मॅक, एक लिनक्स. तिघं एकाच वायफायवर. तरी एकाची फाइल दुसऱ्याला मिळत नाही. आपण काय करतो? नेटवर शोधतो, पहिलं जे उत्तर मिळेल ते सेटिंग बदलतो, मग दुसरं, मग तिसरं. तासाभराने आधी काय होतं तेही आठवत नाही. मीही हेच केलं, आणि अशा वेळी केलं की जेव्हा ते करणं परवडणारं नव्हतं.

आमचं घर कुवेंपुनगरात, दोन मजली. खाली आई-बाबा, वर आम्ही. बाबांचा कॉम्प्युटर विंडोज सेव्हनचा. त्याला हात लावायचा नाही असा नियम आहे. त्यात बाबांचं लेखन, फोटो, आणि आजीच्या जात्यावरच्या ओव्या. बाबांनी १९८८ साली निपाणीला कॅसेटवर रेकॉर्ड केल्या होत्या, पुढे कॉम्प्युटरवर उतरवून घेतल्या. मूळ कॅसेटी बुरशीने गेल्या. म्हणजे आजीचा आवाज जगात एकाच ठिकाणी उरला होता, आणि दसऱ्याच्या आठवड्यात ते ठिकाण टकटक करायला लागलं. हार्ड डिस्क टकटक करते म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको.

वर माझ्याकडे लिनक्सचा एक डबा आहे, त्याला मोठी डिस्क. बायकोचा मॅक. आणि सुटीला आलेला भाचा, त्याचा विंडोज ११ प्रोचा लॅपटॉप. बेत साधा होता: बाबांच्या कॉम्प्युटरवरून सगळं वरच्या लिनक्सवर टाकायचं, तिथून ज्याला हवं त्याने घ्यायचं.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. डिस्क आवाज करत असेल तर नेटवर्कच्या भानगडीत पडण्याआधी सगळ्यात मौल्यवान फाइली पेनड्राइव्हवर काढा. ओव्यांच्या चाळीसेक फाइली दहा मिनिटांत निघाल्या आणि माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. मग आई-बाबांच्या लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाचा व्हिडिओ टाकायला गेलो, तर पेनड्राइव्हवर जागा भरपूर असूनही ‘फाइल फार मोठी आहे’. कारण पेनड्राइव्ह फॅट-३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला होता, आणि फॅट-३२ वर एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी असूच शकत नाही. एक्सफॅटने फॉरमॅट केला तर हा अडसर जातो आणि तिन्ही सिस्टिम तो वाचतात. पण फॉरमॅट म्हणजे आधीचं सगळं पुसणं, आणि त्या पेनड्राइव्हवर आता ओव्या होत्या. म्हणून बाकीचं नेटवर्कवरून न्यायचं ठरलं.

बाबांच्या कॉम्प्युटरवर ‘नेटवर्क’ उघडलं. वरचा लिनक्स यादीत नाही. इथे पहिली चूक होते. यादीत नाही, म्हणजे पोचत नाही, असं आपण धरून चालतो. ते खरं नसतं.

जुन्या विंडोजमध्ये शेजारच्या कॉम्प्युटरांची यादी एका पद्धतीने तयार व्हायची. ती पद्धत एसएमबीच्या पहिल्या आवृत्तीवर टेकलेली होती. एसएमबी म्हणजे विंडोज ज्या भाषेत फाइली मागतो आणि देतो ती भाषा. नवं विंडोज शेजारी शोधायला डब्ल्यूएस-डिस्कव्हरी नावाची वेगळी हाक मारतं. मॅक आणि लिनक्स तिसरीच हाक मारतात, मॅकवाले तिला बाँझूर म्हणतात. आता एक जण मराठीत ‘कोण आहे रे?’ विचारतोय आणि दुसरा फक्त कन्नड हाकेला ओ देतोय, तर यादी रिकामीच राहणार. पण दोघं घरात आहेत! लिनक्सला विंडोजच्या यादीत दिसायचंच असेल तर त्यावर डब्ल्यूएसडीडी नावाचा छोटा प्रोग्राम बसवावा लागतो. मी बसवलेला नाही. काही अडत नाही.

कारण यादी वगळून सरळ पत्त्यावर जाता येतं. विंडोजमध्ये फाइल एक्सप्लोररच्या वरच्या पट्टीत दोन उलट्या तिरप्या रेघा द्या आणि पुढे समोरच्या यंत्राचा आयपी पत्ता. मॅकवर फाइंडरमध्ये कमांड आणि के दाबा, एसएमबी, कोलन, दोन सरळ तिरप्या रेघा आणि पत्ता. लिनक्सच्या फाइल मॅनेजरमध्येही मॅकसारखंच. असं करून उघडलं तर तुमचा प्रश्न फक्त ‘दिसत नाही’ एवढाच होता, आणि शॉर्टकट करून ठेवलात की तो संपला. नाही उघडलं, तर तो ‘उघडत नाही’ हा दुसरा आजार. त्याचं औषध वेगळं.

आमचं उघडलं नाही. ०एक्स८००७००३५ असा लांबलचक क्रमांक आला. हा आकडा पाहून घाबरू नका. त्यातले शेवटचे दोन अंक ३५ हे सोळाच्या पाढ्यातले आहेत, आपल्या नेहमीच्या मोजणीत ५३. आणि ५३ चा विंडोजमधला अर्थ ‘नेटवर्कवरचा मार्ग सापडला नाही’. म्हणजे कॉम्प्युटर सांगतोय की मी त्या घरापर्यंत पोचलोच नाही. पासवर्ड, परवानग्या ह्यांचा इथे काही संबंध नाही. हे ओळखता आलं तर निम्मं काम झालं. ५ आला तर तुम्ही दारापर्यंत पोचलात, पण आत घेत नाहीत. ८६ किंवा १३२६ आला तर नाव-पासवर्ड जुळत नाही. ६७ आला तर घर सापडलं, पण तुम्ही सांगितलेल्या नावाची खोली, म्हणजे शेअर केलेला फोल्डर, तिथे नाही.

मला हे त्या दिवशी सुचलं नाही. मी पासवर्ड बदलत बसलो. भाचा मागून म्हणाला, “मामा, तू एसएमबी वन चालू कर ना. सगळीकडे तेच लिहिलंय.”

सगळीकडे तेच लिहिलंय, हे खरं आहे. म्हणून इथे थोडं थांबतो.

एसएमबीची पहिली आवृत्ती १९८० च्या दशकातली, आयबीएममध्ये जन्मलेली. त्या वेळी नेटवर्कवर कोणी चोर येईल ही कल्पनाच नव्हती. दुसरी आवृत्ती विंडोज व्हिस्टाबरोबर आली, तिसरी विंडोज ८ बरोबर. पण जुनी यंत्रं चालावीत म्हणून पहिली तशीच मागे ठेवलेली होती. मार्च २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टने तिच्यातल्या एका भोकाची दुरुस्ती दिली. ज्यांनी ती बसवली नाही त्यांच्याकडे १२ मे २०१७ ला वॉनाक्राय पोचला. फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा किडा. एका यंत्रात शिरला की कोणी काहीही क्लिक न करता शेजारच्या यंत्रात जात होता, आणि जाण्याचा रस्ता होता हीच पहिली आवृत्ती. ब्रिटनमधली सरकारी रुग्णालयं अडली. जून महिन्याच्या २७ तारखेला नॉटपेट्या आला. त्यानेही इतर मार्गांबरोबर हेच भोक वापरलं, आणि तो थेट आपल्या दारात आला: न्हावाशेव्याला जेएनपीटी बंदरातल्या मर्स्क समूहाच्या टर्मिनलचं काम विस्कळीत झालं. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून नव्याने बसवलेल्या विंडोज १० मध्ये पहिली आवृत्ती घातलेलीच नसते. लिनक्सच्या सांबानेही २०१९ मध्ये ती मुळात बंद करून टाकली.

आता गंमत बघा. विंडोज सेव्हनला दुसरी आवृत्ती येते. लिनक्सला येते. मॅकला २०१३ पासून ती नेहमीची आहे. आमच्या घरात पहिली आवृत्ती लागणारं एकही यंत्र नव्हतं! ती लागते विंडोज एक्सपीला, जुन्या स्कॅनरला, दहाबारा वर्षांपूर्वीच्या एखाद्या टीव्हीच्या डब्याला. तेव्हा सल्ला पाळण्याआधी एवढंच विचारा: माझ्याकडे असं यंत्र आहे का? असेल, तर माझं मत असं की त्याला नेटवर्कवरून उतरवा आणि त्यातल्या फाइली पेनड्राइव्हने काढा. एका म्हाताऱ्या स्कॅनरसाठी सगळ्या घराची खिडकी उघडी ठेवण्यात अर्थ नाही. बाबांच्या विंडोज सेव्हनला तर १४ जानेवारी २०२० नंतर घरगुती ग्राहकांसाठी सुरक्षेच्या दुरुस्त्याच येत नाहीत.

असो. खरं निदान केलं ते दुसऱ्याच कामासाठी आलेल्या केबलच्या मुलाने. दसऱ्याची माळ लावताना गच्चीवरची वायर तुटली होती, ती जोडायला तो आला होता. माझी धडपड पाहून त्याने दोन्ही यंत्रांचे पत्ते दाखवायला सांगितले. विंडोजमध्ये काळ्या खिडकीत आयपीकॉन्फिग लिहायचं, लिनक्समध्ये आयपी, मोकळी जागा, ए. खाली १९२.१६८.१.१५, वर १९२.१६८.०.२०. त्याने एक नजर टाकली आणि म्हणाला, “सार, मेले बेरे नेटवर्क, केळगे बेरे नेटवर्क.” वरचं नेटवर्क वेगळं, खालचं वेगळं. एवढं सांगून तो गच्चीवर गेला.

झालं होतं असं. खाली फायबरचा डबा. त्याचं वायफाय स्लॅबमधून वर येत नाही, म्हणून मी स्वतः बाजारातून एक राउटर आणला, खालून वायर ओढली आणि वरच्या राउटरच्या ‘वॅन’ लिहिलेल्या भोकात घातली. दोन्हींच्या वायफायला नाव आणि पासवर्ड एकच दिला, म्हणजे फोन आपोआप इकडून तिकडे जातील. इंटरनेट दोन्हीकडे मस्त चालत होतं. पण ‘वॅन’मध्ये वायर घातली की वरचा राउटर खालच्या घराला रस्ता समजतो आणि स्वतःचं वेगळं घर मांडतो. एकाच नावाची दोन वायफाय, प्रत्यक्षात दोन नेटवर्कं.

ह्याची एक खूण लक्षात ठेवा. अशा मांडणीत वरून खाली जाता येतं, खालून वर येता येत नाही. वरचा लॅपटॉप खालच्या कॉम्प्युटरची फाइल उघडू शकतो, कारण त्याची मागणी रस्त्यावर जाते आणि खालचा डबा ती घेतो. खालून वरची मागणी मात्र राउटरच्या बाहेरच्या भिंतीवर आपटते. तुमच्याकडेही एका बाजूने चालतंय आणि उलट चालत नाही असं असेल, तर पासवर्ड सोडा आणि आधी पत्ते बघा. पहिले तीन आकडे दोन्हीकडे सारखे आहेत का? घरगुती राउटरवर बहुतेक वेळा एवढी तपासणी पुरते.

पक्का उपाय असा की वरच्या राउटरच्या सेटिंगमध्ये ‘ॲक्सेस पॉइंट मोड’ असेल तर तो लावा. नसेल, तर त्याचं डीएचसीपी, म्हणजे पत्ते वाटण्याचं काम, बंद करा, त्याला स्वतःला खालच्या ओळीतला एक मोकळा पत्ता द्या, आणि वायर ‘वॅन’मधून काढून ‘लॅन’च्या भोकात घाला. ह्याच क्रमाने करा. उलट केलंत तर घरात पत्ते वाटणारे दोघं होतील आणि तुम्ही राउटरच्या पानापर्यंतही पोचणार नाही. कसं कळलं ते विचारू नका.

ह्याचाच एक भाऊ म्हणजे पाहुण्यांसाठीचं वायफाय. गेस्ट नेटवर्कवरची यंत्रं एकमेकांना दिसू नयेत अशीच त्याची रचना असते. आणि ऑफिसचा लॅपटॉप व्हीपीएनवर असेल तर तो तुमच्या घरात बसलेला असूनही नेटवर्कच्या हिशेबाने बंगळुरूला बसलेला असतो. ऑफिसच्या लॅपटॉपवर शेअरिंग बंद असेल तर भांडू नका, तो आपला नाही.

पण त्या संध्याकाळी मला राउटर खोलायचा नव्हता. डिस्क टकटक करत होती. वरून खाली जाता येतं ना? मग बाबांच्या कॉम्प्युटरवरून वर ढकलण्याऐवजी वरच्या लिनक्सवरून खालचं ओढायचं. बाबांच्या कागदपत्रांच्या फोल्डरवर उजवं क्लिक, प्रॉपर्टीज, शेअरिंग. आणि लिनक्सवरून खालचा पत्ता.

ह्या वेळी दारापर्यंत पोचलो. पोचलो हे कशावरून? फाइल शेअरिंगचं दार म्हणजे पोर्ट ४४५. नव्या विंडोजच्या पॉवरशेलमध्ये टेस्ट-नेटकनेक्शन, मग पत्ता, मग वजा चिन्ह लावून पोर्ट आणि ४४५ असं लिहिलं की दार उघडं आहे का ते कळतं. लिनक्स आणि मॅकवर हेच काम एनसी करतो. उत्तर लगेच नकाराचं आलं तर घर बरोबर आहे, पण दाराशी कोणी बसलेलं नाही, म्हणजे शेअरिंग चालूच केलेलं नाही. बराच वेळ काहीच उत्तर नाही, तर पत्ता चुकलाय किंवा फायरवॉल हाक गिळतोय. पिंगवर फार विसंबू नका. विंडोजचा फायरवॉल पिंगला गप्प बसू शकतो, म्हणजे पिंग आलं नाही यावरून काहीच सिद्ध होत नाही.

फायरवॉल गिळत असेल तर तो बंद करू नका. विंडोज १० आणि ११ मध्ये नवं नेटवर्क आलं की ते ‘पब्लिक’ धरलं जातं, रेल्वे स्टेशनवरच्या वायफायसारखं. सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, चालू जोडणीची प्रॉपर्टीज, आणि तिथे ‘प्रायव्हेट’. मग शेअरिंगच्या प्रगत सेटिंगमध्ये प्रायव्हेटसाठी फाइल शेअरिंग चालू. बाहेरून आणलेला अँटिव्हायरस असेल तर त्याचा स्वतःचा फायरवॉल असतो, तिथेही घरचं नेटवर्क विश्वासाचं आहे असं सांगावं लागतं.

दार उघडं होतं, पण आत घेईनात. ‘अकाउंट रिस्ट्रिक्शन’. बाबांच्या कॉम्प्युटरला पासवर्ड नाही. चालू केला की सरळ उघडतो. आणि विंडोजचा नियम असा की पासवर्ड नसलेलं खातं फक्त त्या यंत्रासमोर बसलेल्याला वापरता येतं, नेटवर्कवरून नाही. नियम चांगलाच आहे. बाबांच्या खात्याला पासवर्ड लावला असता तर दुसऱ्या दिवशी सकाळी सातला वर हाक आली असती. म्हणून त्यांच्या खात्याला हात न लावता ‘वाटप’ नावाचं वेगळं स्थानिक खातं काढलं, त्याला पासवर्ड दिला, आणि त्या फोल्डरवर त्याला फक्त वाचायची परवानगी दिली.

हे वेगळं खातं मी सगळ्यांना सुचवतो, कारण नव्या विंडोजमध्ये ओळखीचा घोळ आणखी आहे. तुम्ही रोज चार आकड्यांचा पिन टाकता, तो पासवर्ड नव्हे. तो त्या यंत्रापुरता असतो, नेटवर्कवरून चालत नाही. मायक्रोसॉफ्टच्या खात्याने आत जात असाल तर नावाच्या जागी पूर्ण ईमेल आणि खरा पासवर्ड लागतो, जो अनेकांना आठवतही नाही. त्यापेक्षा ‘वाटप’ बरं. मॅकवर सिस्टिम सेटिंग्ज, जनरल, शेअरिंग, फाइल शेअरिंगच्या शेजारचं आयचं बटण, ऑप्शन्स, आणि तिथे विंडोज फाइल शेअरिंगखाली त्या खात्यासमोर खूण करावी लागते. ही खूण राहिली तर पासवर्ड बरोबर असूनही विंडोजला नकार मिळू शकतो.

विंडोजवर कुलपं दोन असतात हेही लक्षात असू द्या. एक शेअरचं, एक फोल्डरचं स्वतःचं, सिक्युरिटी टॅबमध्ये. दोन्हींपैकी जे जास्त कडक ते चालतं. शेअरवर ‘सगळ्यांना सगळं’ लिहूनही ५ क्रमांकाची चूक येते ती यामुळे.

रात्री साडेअकराला कॉपी सुरू झाली. मग तिसऱ्या फोल्डरला थांबली. ‘फाइलचं नाव फार लांब आहे.’

हा अडसर इंग्रजी नावं ठेवणाऱ्याला सहसा भेटत नाही. विंडोज फाइलच्या नावात २५५ खुणा घेतो, अक्षर रोमन असो की देवनागरी. लिनक्सची नेहमीची एक्सटी४ पद्धत २५५ बाइट मोजते. रोमन अक्षर एका बाइटचं, देवनागरीची प्रत्येक खूण तीन बाइटांची. खूण म्हणजे क वेगळी, काना वेगळी, हलन्त वेगळी. २५५ भागिले ३, म्हणजे मराठी नावाला ८५ खुणा. आणि आमचे बाबा फाइलला नाव देत नाहीत, प्रस्तावना लिहितात! कोणाच्या मुंजीत, कोणत्या गावी, कोणी काढलेला फोटो, सगळं नावातच. अशा सतरा फाइली निघाल्या. त्यांची मूळ नावं एका मजकुराच्या फाइलमध्ये उतरवून घेतली आणि लिनक्सवर छोटी नावं दिली. बाबांना सांगितलं. “नावं गेली नाहीत ना?” एवढंच त्यांनी विचारलं.

दुसऱ्या दिवशी भाच्याची पाळी. त्याच्या विंडोज ११ वरून माझा लिनक्स उघडेना. निरोप असा की तुमच्या संस्थेच्या सुरक्षा धोरणामुळे अनोळखी पाहुण्याला प्रवेश नाही. भाचा म्हणाला, “मामा, इथे संस्था कुठली?” घरात संस्था म्हणजे आई, पण तिने असं काही धोरण काढलेलं नव्हतं. विंडोज ११ च्या २०२४ मधल्या २४एच२ आवृत्तीपासून प्रो प्रकारात पासवर्डाविना पाहुणा म्हणून दुसऱ्या यंत्रावर जाणं मुळात बंद आहे. संदेश कार्यालयांसाठी लिहिलेला, घरातही तोच दिसतो. मी आळसाने लिनक्सचा फोल्डर पाहुण्यांना खुला ठेवला होता. नेटवर पुन्हा तोच प्रकार, धोरण बंद करा म्हणून. त्यापेक्षा लिनक्सवर एक खरं नाव-पासवर्ड देणं दोन मिनिटांचं काम. फक्त एक मेख: लिनक्समध्ये शिरायचा पासवर्ड आणि सांबाचा पासवर्ड वेगळे असतात. एसएमबीपासडब्ल्यूडी, वजा ए, आणि खात्याचं नाव, असं लिहून सांबाला तो वेगळा सांगावा लागतो. आणि भाच्याच्या विंडोजने आधीची चुकीची ओळख धरून ठेवलेली असते. क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये जाऊन ती पुसा, मग पुन्हा जोडा.

सांबाचं नाव आलंच आहे तर. कॅनबेराच्या विद्यापीठात अँड्र्यू ट्रिजेल नावाचा पीएचडीचा विद्यार्थी होता. त्याला १९९१ च्या शेवटी युनिक्सवरच्या फाइली आपल्या डॉसच्या पीसीवरून बघायच्या होत्या. तुमचाआमचाच प्रश्न. त्याने वायरवरून जाणारं बोलणं ऐकून ती भाषा उलगडली आणि प्रोग्राम लिहिला. पहिलं नाव आधीच कोणाच्या तरी मालकीचं निघालं, म्हणून त्याने शब्दकोशात एस, एम, बी ही अक्षरं ह्याच क्रमाने असलेले शब्द कॉम्प्युटरला शोधायला लावले. त्यात सामनबेरी नावाचं फळही होतं. त्याने नाच निवडला.

आता शेवटचा घोळ, आणि माझा सगळ्यात आवडता. बायकोच्या जुन्या मॅकवरचे फोटो मी आरसिंकने लिनक्सवर आणले, भाच्याने त्यातलेच काही विंडोजवरून टाकले. आणि लिनक्सवर ‘दुसऱ्या दिवशीचे फोटो’ नावाचे दोन फोल्डर शेजारी शेजारी बसले. नाव अक्षरशः तेच. एकाच ठिकाणी एकाच नावाचे दोन फोल्डर असूच शकत नाहीत ना?

ती नावं एक नव्हतीच. ‘दुसऱ्या’मधला तो र बघा, रफार नसलेला, पापणीसारखा. युनिकोडमध्ये त्यासाठी ऱ हे एक अक्षर आहे. पण र आणि खाली नुक्ता अशा दोन तुकड्यांतही ते लिहिता येतं, आणि युनिकोड ते दोन्ही सारखेच मानतो. जुन्या मॅकची एचएफएस प्लस ही डिस्कची पद्धत नाव साठवताना अक्षरं फोडून ठेवते. विंडोज आणि लिनक्स जसं येईल तसं ठेवतात, जोडलेलं ते जोडलेलं, फुटलेलं ते फुटलेलं. डोळ्याला एक, यंत्राला दोन. वाऱ्यावर, दऱ्या, पायऱ्या, पुऱ्या, अशा शब्दांच्या फाइली शोधून सापडत नाहीत त्यामागे हे असू शकतं. ह्याला उपाय आहे: लिनक्सवर कॉन्व्हएमव्ही नावाचा प्रोग्राम एनएफसी पर्याय देऊन चालवला की सगळी नावं जोडलेल्या रूपात येतात. तो आधी नुसतं काय करणार ते दाखवतो, प्रत्यक्ष बदल वेगळं सांगितल्यावरच करतो. दाखवलेलं वाचा, मगच सांगा.

हा ऱ आणखी एका तिसऱ्या पद्धतीनेही लिहिला जातो: साधा र, हलन्त, आणि न दिसणारं एक जोडचिन्ह. काही कीबोर्ड तसाच देतात. कॉन्व्हएमव्ही तो बदलत नाही, कारण युनिकोडच्या हिशेबाने तो खरंच वेगळा मजकूर आहे. तो हातानेच बदलावा लागतो. आणि कन्नड लिहिणाऱ्यांचं तर ह्याहून अवघड. देवनागरीतला ऐकार फुटत नाही, कन्नडमधला फुटतो. म्हणजे इथल्या शाळेतल्या मुलाने ‘मैसूरु’ एवढं कन्नडमध्ये फाइलला नाव दिलं तरी जुन्या मॅकवर त्याचे तुकडे पडतात.

राउटर मी पुढच्या रविवारी नीट केला. त्याचबरोबर खालच्या डब्यात लिनक्सचा पत्ता कायमचा राखून ठेवला, कारण वीज जाऊन आली की पत्ते बदलतात आणि सगळे शॉर्टकट मरतात. एखादीच फाइल एकदाच द्यायची असेल तर ह्यातलं काहीही करू नका, लोकलसेंड नावाचा फुकट ॲप दोन्हीकडे टाका, तो फोनवरही चालतो.

बाबांची डिस्क त्यानंतर अकरा दिवस टिकली. बाराव्या दिवशी कॉम्प्युटर चालूच झाला नाही. आता नवीन डिस्क घातली आहे, बाबांच्या आग्रहाने विंडोज सेव्हनच, पण नेटवर्कची वायर काढून. त्यांना ओव्या ऐकायच्या असतील तर आई वर येऊन मॅकवर लावते आणि जिन्याचं दार उघडं ठेवते.